गजकर्णाची आग

गजकर्ण ठाऊक नाही असा माणूस आपल्या मुलखात विरळाच. कोणी त्याला नायटा म्हणतात, कोणी दाद म्हणतात. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत अंगावरचे कपडे दिवसदिवस ओले राहतात. मग जांघेत, काखेत, कमरेला जेथे साडीची गाठ किंवा करदोटा बसतो तेथे, एक लालसर गोल चट्टा उठतो. दिवसा काम करताना त्याचा विसर पडतो, पण रात्री अंथरुणावर पाठ टेकली की खाज सुटते ती थांबत नाही. हे मरणाचे दुखणे नव्हे, म्हणून कोणी फारसे मनावर घेत नाही. आणि लाजेच्या जागी असते, म्हणून कोणी बोलतही नाही. दुकानातून एक ट्यूब आणायची, चोळायची आणि गप्प बसायचे, असा आपला शिरस्ता.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या मास्तराने या मलमपट्टीच्या भानगडीत कशाला पडावे? पण इतिहास काही केवळ गादीवरच्या राजांचा नसतो. मलमाच्या डबीलाही इतिहास असतो, आणि गजकर्णाच्या मलमाचा इतिहास तर थेट गोव्यातून आणि मुंबईच्या बाजारातून गेलेला आहे. शिवाय गेल्या काही वर्षांत हे साधे दुखणे साधे राहिलेले नाही. पूर्वी दोन-चार आठवड्यांत जाणारे गजकर्ण आता महिनोन् महिने हटत नाही, घरातल्या एकाला झाले की सगळ्यांना होते. असे का झाले हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

आपल्या जुन्या वैद्यांना हा रोग चांगला माहीत होता. त्यांनी त्याला दद्रू म्हटले आणि कुष्ठांच्या, म्हणजे कातडीच्या रोगांच्या, यादीत घातले. मौज अशी की चरकसंहितेत दद्रू हे क्षुद्र म्हणजे लहान कुष्ठांत आहे, तर सुश्रुतसंहितेत तेच महाकुष्ठांत जाऊन बसले आहे. ज्याला झाले असेल तो सुश्रुताचेच म्हणणे मानील! त्यावर जे उपाय सांगितले त्यांत आपला टाकळा आहे. पहिल्या पावसाबरोबर बांधावर उगवणारा, ज्याची कोवळी भाजी आपण करतो, तोच हा टाकळा. काही भागांत त्याला तरोटा म्हणतात. संस्कृतात त्याचे नावच चक्रमर्द, चक्रासारख्या चट्ट्याचा नाश करणारा. त्याचे बी वाटून लावण्याची चाल खेड्यांत अजून आहे. हे बी ध्यानात ठेवा, त्याचे एक दूरचे नातलग पुढे भेटणार आहे.

हा रोग कशाने होतो, हे मात्र कोणालाच कळले नव्हते. बिघडलेले रक्त, बिघडलेले पित्त, अशा समजुती पूर्वेकडे होत्या तशा पश्चिमेकडेही होत्या. उलगडा झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही रेशमाच्या किड्यांपासून. इटलीत आगोस्तीनो बास्सी नावाच्या गृहस्थाने १८३५ साली दाखवून दिले की रेशमाचे किडे ज्या पांढऱ्या रोगाने मरतात तो बुरशीमुळे होतो. लगेच १८३७ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक याला डोक्याच्या खवड्याच्या खपलीत सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले. शोएनलाइन यांनी १८३९ साली ते तंतू बुरशीचे असल्याचे लिहिले. पुढे रेमाकने त्या खपलीचा लेप स्वतःच्याच हातावर लावून रोग उठवून पाहिला. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी या हंगेरीहून आलेल्या डॉक्टरने १८४१ ते १८४४ या काळात एकामागून एक निबंध तेथील विज्ञान अकादमीला धाडले आणि केसांतल्या, दाढीतल्या निरनिराळ्या बुरशा वेगवेगळ्या ओळखून दाखवल्या. शिक्षक मंडळींनी वर्गात सांगण्यासारखी गोष्ट आहे ही: कॉखने काळपुळीचा जंतू सिद्ध केला तो १८७६ साली. म्हणजे माणसाचा रोग सूक्ष्म जीवापासून होतो हे पहिल्यांदा दिसले ते कॉलऱ्यात नव्हे की क्षयात नव्हे, खवड्यासारख्या क्षुल्लक दुखण्यात दिसले.

येथे जरा थांबून एक गोष्ट नीट वेगळी करून घेऊ, म्हणजे पुढची सगळी हकीकत सोपी होईल. गजकर्णात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. एक बुरशी आणि दुसरी आग. बुरशी सहसा जिवंत मांसात शिरत नाही. केस, नखे आणि कातडीचा वरचा मेलेला थर ज्या द्रव्याचा बनलेला असतो ते केराटिन, हेच तिचे खाणे. ती बिचारी निमूटपणे खात बसलेली असते. लाली, सूज, खाज ही सारी आग आपले शरीर पेटवते. परका आला हे ओळखून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, कातडी लाल होते, तिची वाढ जलद होऊन खवले गळू लागतात आणि खवल्यांबरोबर बुरशीही बाहेर फेकली जाते. म्हणून तर चट्टा गोल दिसतो. मधला भाग निवळलेला, आणि कडेला, जेथे बुरशी नव्या कातडीत पाऊल टाकत असते तेथे, लाल उठावदार कड.

ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल. वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखी रंगाच्या जाड खपल्या धरतात. ती बुरशी धार काढणाऱ्याच्या हातावर किंवा दाढीत आली तर फार भडकते, सुजते, पू होतो. माणूस घाबरतो. पण असे भडकलेले गजकर्ण पुष्कळदा आपोआप बरे होऊन जाते. उलट माणसांतच मुरलेली एक बुरशी आहे, ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची. ती फार आग पेटू देत नाही, आणि म्हणूनच वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहते. तेव्हा आग ही नुसती पीडा नाही. ती शरीराची लढाई आहे. औषधांचा पुढचा इतिहास म्हणजे या आगीशी कसे वागावे याचाच इतिहास आहे.

आता आपल्या बाजूची हकीकत. साधारण १८६० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या बाजारात गजकर्णावर एक भुकटी विकली जात असे. पिवळसर, उघडी राहिली की तपकिरी पडणारी. ती गोव्याहून येई म्हणून तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. लिंबाच्या रसात किंवा शिर्क्यात कालवून ती चट्ट्यावर लावायची. किंमत जबर, आणि ती कोठून येते ते विकणारे सांगत नसत. मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ साली तिच्याविषयी इंग्लंडातल्या औषधशास्त्राच्या मासिकाकडे माहिती धाडली, पण मूळ काही हाती लागले नाही. पुढे कलकत्त्यास पुष्कळ वर्षे काढलेले डॉक्टर जोसेफ फेरर यांनी १८७४ साली लंडनच्या एका वैद्यकीय पत्रात या भुकटीवर लिहिले. तो अंक फिरत फिरत ब्राझीलमध्ये बाहिया येथील डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांच्या हाती पडला, आणि त्यांनी कळवले की ही तर आमच्याकडची अरारोबा! बाहियाच्या जंगलातल्या एका मोठ्या झाडाच्या खोडात, गाभ्याच्या भेगांमध्ये ही भुकटी साठते. झाड तोडून, चिरून ती खरवडून काढतात, आणि काढणाऱ्यांचे डोळे व तोंड सुजून येते.

म्हणजे बघा, पोर्तुगीजांच्या एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत, ब्राझीलहून गोव्यात ती भुकटी आली, आणि तेथून मुंबईस येऊन गोव्याच्या नावाने जगभर गाजली. मिरची, बटाटा, काजू, पेरू ज्या वाटेने आले त्याच वाटेने गजकर्णाचे औषधही आले. नाव गोव्याचे, झाड ब्राझीलचे, गुपित मुंबईचे आणि उलगडा लंडनच्या पत्रातून!

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ ॲटफील्ड यांनी १८७५ साली ती भुकटी तपासली. तिच्यातला मुख्य भाग क्रायसोफॅनिक ॲसिड असावा असे त्यांना वाटले. हे द्रव्य रेवाचिनीत असते, आणि आपल्या टाकळ्याच्या बियांतही असते. पुढे १८७८ साली लीबरमान आणि सायडलर यांनी दाखवले की भुकटीतले द्रव्य अगदी तेच नव्हे, त्याच्या जवळचे आहे. त्याला क्रायसारोबिन म्हणू लागले. टाकळ्याचा दूरचा नातलग म्हटला तो हा. आमच्या आज्यांनी बांधावरून उपटलेले बी आणि बाहियाच्या जंगलातली भुकटी यांच्यात रसायनाचे नाते निघावे, याचे मला फार नवल वाटते. याचा अर्थ टाकळा वाटून लावल्याने गजकर्ण हमखास जाते असा मात्र कोणी घेऊ नये.

क्रायसारोबिनने गुण येई, पण कसा? अंग भाजून. कातडी लालबुंद होई, आसपासचा भाग जांभळट-तपकिरी पडे, कपड्यांवर डाग पडत ते धुऊन जात नसत, आणि डोळ्याला हात लागला तर डोळा सुजून बंद होई. आगीवर आणखी आग घालायची, कातडीचा वरचा थर जाळून सोलून काढायचा, आणि त्याबरोबर बुरशी गेली तर गेली, असा सगळा मामला. त्या काळची बहुतेक औषधे याच घराण्यातली. १९०७ साली लंडनच्या आर्थर व्हिटफील्ड यांनी शंभर भागांत सहा भाग बेन्झॉइक आणि तीन भाग सॅलिसिलिक ॲसिड घालून एक मलम सुचवले. हे त्यातल्या त्यात सोज्वळ आणि स्वस्त. सॅलिसिलिकने थर सुटतो, बेन्झॉइकने बुरशीला आळा बसतो. सरकारी दवाखान्यांत चौकोनी कागदावर किंवा रिकाम्या डबीत जे पांढरे मलम मिळे आणि लावताच चुरचुरे, ते पुष्कळदा हेच. चुरचुरले म्हणजे औषध लागू पडले, अशी आपल्या लोकांची समजूत झाली ती या पिढीच्या औषधांमुळेच असावी असा माझा तर्क आहे. गोवा पावडरचे पुढे काय झाले म्हणाल, तर गजकर्णापेक्षा सोरायसिस या दुसऱ्या रोगावर तिचे नाव झाले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा १९१६ साली तेथील डॉक्टर गालेव्स्की आणि उना यांनी तिच्यासारखेच कारखान्यात बनवलेले डिथ्रॅनॉल वापरात आणले.

असो. आता वाऱ्याची दिशा बदलली. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन या दोघा डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोनचे मलम कातडीच्या रोगांवर लावून पाहिले आणि जादू झाल्यासारखी आग विझली. कित्येक वर्षे खाजवून रक्तबंबाळ होणारी माणसे शांत झोपू लागली. हे स्टिरॉइड जातीचे औषध. ते काय करते? पांढऱ्या पेशींची धावपळ थांबवते, रक्तवाहिन्या आकसून टाकते. १९६२ साली तर मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी त्याचा जोर मोजायची युक्तीच काढली: निरोगी कातडीवर लावायचे आणि ती किती पांढरी पडते ते पाहायचे. त्या मापाने एकाहून एक जालीम स्टिरॉइडे निघत गेली. इसब आणि त्यासारख्या रोगांत ही देणगीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण गजकर्णावर ते लावले तर? लढाई थांबते, शत्रू मात्र घरातच राहतो. लाली जाते, खाज जाते, रोग्याला वाटते बरे झाले. आत बुरशी निर्वेधपणे पसरते. मलम बंद केले की दुपटीने भडका उडतो. मग पुन्हा मलम. १९६८ साली इंग्लंडमध्ये आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी अशा रोगाला वेष पालटून वावरणारे गजकर्ण अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. गोल कड नाही, खवले नाहीत. ओळखीच्या सगळ्या खुणा पुसलेल्या.

माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. वसतिगृहात राहणारा, परिस्थितीने बेताचा. जांघेत गजकर्ण झाले तेव्हा त्याने दुकानातून ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज बंद. मग थांबवली, आठ दिवसांत पुन्हा. असे सहा-सात महिने. त्याच्या खोलीतल्या आणखी दोघांनी तीच ट्यूब वापरली. शेवटी मुलगा बाकावर बसेना, तेव्हा मला कळले. मांडीच्या आतल्या बाजूला कातडी कागदासारखी पातळ झाली होती आणि बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे फाटल्यासारखे वण उठले होते. मी ती ट्यूब चष्मा लावून वाचली. तिच्यात तीन औषधे होती: बुरशीचे एक, जंतूंचे एक, आणि तिसरे जालीम स्टिरॉइड. कातडीच्या डॉक्टरांनी सांगितले, गजकर्ण जाईल, हे वण जाणार नाहीत.

आता कोणी म्हणेल, आग शांत करायला नको का? खाजेने माणूस वेडा होतो. बुरशीच्या औषधात थोडे स्टिरॉइड घातले तर बिघडले काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नव्या औषधांच्या इतिहासातच सापडते. १९६९ च्या सुमारास जर्मनीत क्लोट्रिमॅझोल आणि बेल्जियममध्ये मायकोनॅझोल निघाले. पुढे केटोकोनॅझोल आले. १९७४ साली व्हिएन्ना येथे भलत्याच कामासाठी बनवलेले एक द्रव्य बुरशी मारते असे योगायोगाने आढळले. ते नॅफ्टिफिन. त्याच्याच वंशातले टर्बिनाफिन १९९१ साली इंग्लंडात वापरात आले. ही औषधे कातडी जाळत नाहीत. बुरशीच्या पेशीला भिंतीआड जो पडदा असतो तो विणण्याचे तिचे कामच बंद पाडतात.

पण वापरणाऱ्यांच्या ध्यानात येऊ लागले की बुरशी पुरती मरण्याच्या आधीच लाली उतरते. शंका निघाली: बुरशी कमी झाली म्हणून आग कमी झाली, की औषधातच आग शमवण्याचा गुण आहे? हे ओळखायचे कसे? युक्ती साधी आहे. जेथे बुरशीच नाही अशी आग पेटवायची आणि तिच्यावर औषध लावून पाहायचे. बेल्जियममधल्या संशोधकांनी गिनीपिगच्या कातडीवर जंतूंनी लाली आणली. ते जंतू काही प्राण्यांत जिवंत होते, काहींत आधीच मारलेले. मेलेल्या जंतूंना आणखी काय मारणार? तरीही केटोकोनॅझोलने लाली कमी झाली, जवळजवळ सौम्य हायड्रोकॉर्टिझोनइतकी. हा प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९७ साली अमेरिकेत निरोगी माणसांच्या कातडीवर अतिनील किरणांनी लाली आणून, म्हणजे ऊन लागल्यावर होते तशी, बुरशीची निरनिराळी मलमे लावून पाहिली, आणि तेथेही लाली कमी होताना दिसली. बुरशीचा तेथे पत्ताही नव्हता.

कारणेही हळूहळू उलगडली. आग भडकवायला शरीर काही निरोपे धाडत असते, रसायनांच्या रूपाने. ल्युकोट्राइन हा त्यांपैकी एक. तो बनवणाऱ्या यंत्रणेला केटोकोनॅझोल अडवते. नॅफ्टिफिन पांढऱ्या पेशींची त्या जागेकडे होणारी धाव मंदावते. सायक्लोपिरॉक्स नावाचे आणखी एक औषध निरोप्यांच्या दोन जातींना आळा घालते. हा गुण सौम्य आहे, जालीम स्टिरॉइडाची सर त्याला नाही, आणि प्रत्येक औषधात तो सारखाही नाही. पण नेमके तेच आपल्या कामाचे. शरीराचे हात पुरते बांधले जात नाहीत, आणि त्याच वेळी शत्रूही मरत असतो. साध्या गजकर्णात तिसऱ्या, चौथ्या औषधाची भेसळ करण्याची गरज त्यामुळे मला तरी दिसत नाही. खाज फार असली तर डॉक्टर पोटात घ्यायची खाजेची गोळी देतात, ती वेगळी.

भेसळ मात्र झाली, आणि अफाट झाली. ताबडतोब आराम देणारी ट्यूब खपते, हे त्यामागचे साधे अर्थशास्त्र. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीनशे चव्वेचाळीस मिश्र औषधांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात बंदी उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तीनशे अठ्ठावीस मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. त्यांत कातडीची काही मलमेही होती. त्याच वर्षी पुष्कळशी स्टिरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली गेली. कायदा झाला. दुकानाच्या फळीवर काय झाले ते ज्याचे त्याने आपल्या गावात पाहावे.

मध्यंतरी बुरशीही शिकत होती. जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली एका निराळ्या ट्रायकोफायटॉनचे वर्णन केले. ज्या रोग्यांत ती सापडली ते भारत आणि नेपाळ येथले होते, म्हणून तिच्या नावात ‘इंडो’ हा शब्द आला: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्यातल्या पुष्कळ वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण औषध ज्या जागी पकड घेते ती जागाच तिने बदलून टाकली आहे. ती आता युरोप-अमेरिकेतही पोहोचली आहे. दीडशे वर्षांपूर्वी गजकर्णाच्या औषधाने गोव्याचे नाव जगात नेले. आता गजकर्णाची बुरशी आपल्या देशाचे नाव घेऊन हिंडते आहे. तिच्या फैलावाला स्टिरॉइडच्या ट्यूबांनी हातभार लावला, असे कातडीच्या अनेक डॉक्टरांचे मत आहे.

मग ट्यूब हातात आली तर काय पाहावे? मागच्या बाजूला बारीक अक्षरांत द्रव्यांची नावे असतात, इंग्रजीत. घरातल्या शाळकरी मुलाला वाचायला सांगा. क्लोबेटॅसॉल, बीटामेथॅसोन, मोमेटॅसोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टिरॉइड आहे. गजकर्णासाठी ते आपल्या मनाने लावू नये. आणि आधीच बरेच दिवस लावीत असाल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, लपवू नये. बुरशीचे साधे मलम चट्ट्याच्या कडेच्या बाहेर बोटभर कातडीवरही लावायचे असते, कारण बुरशी कडेच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आणखी दोन आठवडे तरी, चालू ठेवायचे असते. मधेच सोडले तर बी राहते.

त्या मुलाला मी जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हा तेथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रथम काही लिहून दिले नाही. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचे चार खवले काचपट्टीवर खरवडून घेतले, त्यावर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला, पट्टी जराशी शेकली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग मला म्हणाल्या, “सर, बघायचंय?” मी डोळा लावला. धुरकट खवल्यांतून आडवेतिडवे, मधे मधे पेरे असलेले, उसाच्या मुळांसारखे तंतू गेलेले दिसत होते. रेमाक आणि ग्रुबी यांनी पाहिले होते तसेच. सगळ्याला मिळून दहा-पंधरा मिनिटे लागली असतील.